ओंडक्याची अदलाबदल

१२ जानेवारी

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद,

इकडे आम्ही दोघं ठीक. म्हणजे एक जण पूर्ण ठीक आणि एकाचा हात गळ्यात. थोडं खरचटलंय, असं तुमच्या दादांनी फोनवर तुम्हाला सांगितलं, तेव्हा मी शेजारीच उभी होते. खरचटलेलं नाही. लिफ्ट दुरुस्त करताना दाराच्या रुळात डावा हात सापडला. अनामिका आणि करंगळीच्या आतल्या शिरा तुटल्या, त्या डॉक्टरांनी जोडल्या. हाडं शाबूत आहेत, नोकरीही शाबूत आहे. पण बेस गिटारच्या जाड तारा दाबायला ती दोन बोटं पुढचं वर्षभर तरी धरू नका, नंतरचं नंतर बघू, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आल्या आल्या तुमच्या दादांनी बँडच्या ड्रमरला, म्हणजे आपल्या बसड्रायव्हरला, फोन करून दुसरा बेसवाला बघायला सांगितलं. एप्रिलच्या शेवटी नव्या वाचनालयाच्या उद्घाटनाला त्यांचा कार्यक्रम आहे ना. मग मला म्हणाले, तो ओंडका माझ्या नजरेआड कर. त्या अवजड बेसला मी लग्नापासून ओंडका म्हणते, हे त्यांना कधी आवडलं नाही. परवा पहिल्यांदा त्यांनी स्वतःच तो शब्द वापरला. मला ते ऐकवेना.

ओंडका मी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत नेला. तिथे सोफ्यांची कव्हरं शिवण्याचं काम चालतं, हे कधी येत नाहीत. कोपऱ्यात ठेवण्याआधी धूळ पुसायला घेतला आणि फडक्याने सगळ्यात जाड तार छेडली गेली. भाऊजी, तो आवाज कानात नाही आला. सोफ्याच्या फळीतून माझ्या पाठीत आला. मी पुन्हा छेडली. मग दुपारचं जेवण राहिलं.

जाड रेक्झिनमधून सुई ओढून ओढून माझी बोटं अशी झाली आहेत की तारा टोचत नाहीत. डोकं मात्र कोरं आहे. तेव्हा मुद्द्याचं: मला शिकवा. पत्राने. फोन नको, कारण तुमचे दादा सध्या दिवसभर घरी आणि त्यांचे कान हातासारखे जायबंदी नाहीत. आणि त्यांना इतक्यात कळता कामा नये. जमलं तर सांगेन, नाही जमलं तर झाकली मूठ.

लोभ असावा. बेसचा तुम्हाला आहेच, माझ्यावरचाही असू द्या.

तुमची वहिनी

२१ जानेवारी

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार, आणि या वेळी खरोखरच साष्टांग!

तुमचं पत्र मी चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलता बदलता वाचलं. त्या बिचाऱ्याला मी दोनदा उलटं भिंग लावलं. ज्या बाईने माझ्या पहिल्या बेसच्या स्टँडवर ओले मोजे वाळत घातले, ती आज मला गुरू करतेय! दादाच्या हाताचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या पत्राच्या शेवटापर्यंत येईतो हसू आलं.

आता धडा पहिला. उजव्या हाताची पहिली दोन बोटं, चालणाऱ्या माणसाच्या पायांसारखी, एकाआड एक. एकच बोट दोनदा टाकलंत तर लंगडल्यासारखं ऐकू येतं. डाव्या हाताने तार फ्रेटच्या, म्हणजे त्या पितळी पट्टीच्या, अगदी पाठीशी दाबा. पट्टीवर नाही आणि लांबही नाही. पहिला आठवडा एकच तार, एकच स्वर. कंटाळा आला की समजा, आता कुठे सुरुवात झाली.

धडा दुसरा जास्त महत्त्वाचा. गिटारवाल्याकडे बघू नका. आपला फार्मसीवाला बोटं फार नाचवतो आणि त्याच्या मागे धावलेला बेसवाला तोंडघशी पडतो. तुम्ही ड्रमरचा उजवा पाय ऐकायचा. तो पडेल तिथे तुमचा स्वर पडला पाहिजे, जुळ्या भावंडांसारखा. म्हणून माझं ऐका, बसड्रायव्हरला विश्वासात घ्या. त्याच्या पोटात गोष्ट राहते. अर्ध्या शहराची भांडणं तो रोज आरशातून बघतो आणि कुठे बोलत नाही.

दादाने आणि मी आयुष्यभर किती बेस घेतले, दिले, बदलले. माझा लाल त्याच्याकडे, त्याचा निळा माझ्याकडे, मग दोन्ही तिसऱ्याकडे. प्रत्येक वेळी वाटायचं, याने आता वाजवणं सुधारेल. तुम्ही मात्र एकाच ओंडक्यावर बसा. बदलायचा मोह होण्याइतकं आधी वाजवता येऊ द्या.

पाठीवर हात राहू द्यावा, दुसऱ्या हाताने सराव चालू ठेवावा.

आपला दीर आणि मास्तर

१८ फेब्रुवारी

चि. बंड्यास आशीर्वाद,

पट्टी निघाली. बोटं दिसायला बोटंच आहेत, पण वाकायला सांगितलं तर करंगळी ऐकून न ऐकल्यासारखं करते. कामावर जायला लागलो. वरची कामं पोरं करतात, मी खाली उभा राहून सूचना देतो. उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणत असावेत.

लिहिण्याचं कारण वेगळं. माझा बेस मला द्यायचा आहे. विकायचा नाही, विकलेल्या वस्तूचा मला नेहमी पस्तावा झालाय. अदलाबदल करायची. बदल्यात चांगलं ड्रिल मशीन आलं तरी चालेल. वाजवता येत नाही ती वस्तू जवळ बाळगून रोज तिची कीव करायची आणि तिने आपली करायची, हा उद्योग मला जमणार नाही. तुझ्या ओळखीत कोणी असेल तर कळव. मी इथे वाद्यांच्या दुकानातल्या फळ्यावरही चिठ्ठी लावतोय.

बँडला नवा बेसवाला मिळाला म्हणे. बसड्रायव्हरला विचारलं कोण, तर हसतो. हात जरा सावकाश चालतो पण हट्टी आहे, एवढंच बोलला. एवढ्या वर्षांची दोस्ती आणि नाव सांगत नाही! मला काही फरक पडत नाही म्हणा. पण तुला काही कळलं तर सांग.

तुझी वहिनी मजेत आहे. दुकानात काम वाढलंय, रविवारीही जाते. घरी येते ती गुणगुणत. माझ्या आजारपणात कोणीतरी खूश आहे, हेही काही कमी नाही.

प्रकृतीला जप, आणि उत्तर चार ओळींचं असलं तरी टाक.

तुझा दादा

२५ फेब्रुवारी

ती. वहिनींस सा. न.,

घोटाळा! दादाचं पत्र आलं. ओंडका ड्रिल मशीनच्या बदल्यात द्यायला निघालाय. आणि नवा बेसवाला कोण, हे मलाच विचारतोय. मी उत्तरात लिहिलं की हात नीट होईपर्यंत थांब, घाईत केलेली अदलाबदल म्हणजे उपाशीपोटी केलेली भाजीखरेदी. पण तो थांबणाऱ्यातला नाही, आणि फळ्यावर चिठ्ठी लागली की कोणीतरी येणारच.

तेव्हा सांगून टाका. त्याला वाईट वाटेल ते तुम्ही वाजवता याचं नाही. सगळ्यांना माहीत आणि आपल्यालाच नाही, याचं वाटेल. मी त्याला ओळखतो, आणि तुम्ही तर माझ्याहून जास्त.

तिसऱ्या गाण्याच्या मधल्या भागाबद्दल विचारलं होतंत. बोट पोहोचत नसेल तर ताणू नका, हात सरकवा. एवढं करूनही पोहोचत नसेल तर दोष हाताचा नाही. तो बेसच लांब मानेचा आहे, धिप्पाड माणसासाठी केलेला.

आठवण ठेवावी, आणि हिंमत करावी.

आपला दीर

१६ मार्च

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद,

तुमचं ऐकायला हवं होतं. मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले आणि काल सांगायची वेळच आली नाही, वाजवायचीच आली.

फळ्यावरची चिठ्ठी वाचून एक बेकरीवाला आला. दारातून आत यायला तिरका व्हावा लागेल असा माणूस, आणि पाठीवर एवढासा बेस. त्याच्या अंगावर तो खेळण्यासारखा दिसत होता. म्हणूनच त्याला मोठा हवा होता. बेस सोफ्याच्या दुकानात आहे, एवढं तुमच्या दादांना माहीत होतं. ते त्याला घेऊन थेट मागच्या खोलीत. मी खडूने कापडावर आखत होते.

बेकरीवाल्याने ओंडका हातात घेतला, चहूकडून पाहिला, आणि तुमच्या दादांना म्हणाला की तुम्ही वाजवा, मी जरा लांब उभा राहतो, वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज खरा कधी कळत नाही. बिचाऱ्याला हाताचं काय माहीत. तुमच्या दादांनी डावा हात खिशात घातला आणि ते भिंतीकडे बघायला लागले. भाऊजी, मला त्यांचं तसं भिंतीकडे बघणं सहन होईना. हाताचा खडू पुसला, ओंडका घेतला, पट्टा खांद्यावर टाकला आणि तिसरं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. मधल्या भागात एकदा चुकले. थांबले नाही.

झाल्यावर बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या. तुमच्या दादांनी वाजवल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की बँडचा नवा बेसवाला म्हणजे तूच का. मी हो म्हणाले.

मग त्यांनी बेकरीवाल्याला सांगितलं की माफ करा, हा आता द्यायचा नाही, घरातच वाजवणारं माणूस आहे. ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण तोवर मी त्याचा छोटा बेस मांडीवर घेऊन पाहिला होता. आखूड मान, हलका, आणि जिथे माझं बोट रडायचं तिथे ते सहज जाऊन बसलं. मी म्हणाले, द्यायचा. अगदी बरोबरीत, हा घ्या आणि तो ठेवा. तुमचे दादा म्हणाले की तो माझा आहे. मी म्हणाले की खांदा माझा दुखतो. बेकरीवाल्याने दोघांकडे पाहिलं, ठरवून कळवा म्हणाला आणि आपला बेस घेऊन निघून गेला. शहाणा माणूस.

संध्याकाळी विषय त्यांनीच काढला. माझ्या जागेवर उभी राहिलीस आणि मला विचारलंही नाहीस, म्हणाले. आवाज चढवून नाही, म्हणून जास्त लागलं. मी म्हणाले की लपवलं ही माझी चूक, ती मान्य. पण ओंडका नजरेआड कर म्हणताना तुम्हीही मला विचारलं नव्हतं की तुला हवाय का. आणि भाऊजी, मग मनातलं सगळंच बोलून टाकलं. बँडमधली जागा मी तुमच्यासाठी राखून ठेवलेली नाही, हात बरा झाला की मी उठेन आणि तुम्ही बसाल असं धरून चालू नका, मला ती आवडली आहे.

ते उठून फिरायला गेले. बऱ्याच वेळाने आले, आणि दारातच चपला काढत म्हणाले की अंगठा फार घट्ट धरतेस, मानेमागे नुसता टेकवायचा. मी म्हणाले, तुमच्या भावाने हे सांगितलं नव्हतं. त्यावर म्हणाले, त्यालाही मीच शिकवलंय, अर्धवट.

आज सकाळी बेकरीवाल्याला त्यांनीच फोन केला.

आपलेपणा आहेच. तो कमी-जास्त होत नाही, तेव्हा मागत नाही.

तुमची वहिनी

२९ एप्रिल

चि. बंड्यास आशीर्वाद,

गुन्ह्यातल्या साथीदाराला आशीर्वाद द्यायचा की कान धरायचा, यावर बराच विचार केला. आशीर्वाद दिलाय, कान भेटीअंती.

काल वाचनालयाचा कार्यक्रम झाला. मी अँपचं खोकं उजव्या हाताने उचलून आत नेलं, वायरी जोडून दिल्या आणि मग मला काही कामच उरलं नाही. म्हणून जाऊन खुर्चीत बसलो. बंड्या, इतकी वर्षं मी या बँडच्या मागच्या रांगेत उभा होतो. समोरून त्यांना कधी ऐकलंच नव्हतं. फार्मसीवाला वाटायचा त्यापेक्षा बरा वाजवतो. गाणारी बाई, ती भूगोलाची शिक्षिका, मला वाटायची त्यापेक्षा बरीच घाबरते. आणि तुझी वहिनी अजिबात घाबरत नाही. सोफा बसवायला आल्यासारखी उभी होती.

चौथ्या गाण्यात बाई कडवं विसरल्या. दोन ओळी राहिल्या असतानाच त्या पुढच्या कडव्यात शिरल्या. गिटार त्यांच्यामागे धावली, ड्रमर गडबडला, लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मी असतो तर मीही बाईंच्या मागे धावलो असतो, नेहमी तेच केलंय. तुझी वहिनी हलली नाही. होती तिथेच, तेच चार स्वर, शांतपणे, कोणी येवो न येवो. आधी ड्रमर परत आला, मग गिटार, आणि शेवटी बाई. माझ्या शेजारचे गृहस्थ बायकोला सांगत होते की हे असं मुद्दाम बसवलेलं दिसतंय. मी त्यांना सांगितलं की ती बेसवाली माझी बायको. न विचारता सांगितलं.

ओंडका बेकरीवाल्याकडे गेला, हे तुला कळलंच असेल. जाताना वाईट वाटलं. दोन दिवस वाटलं, मग थांबलं. तो काल आला होता, मोठी केकची पेटी घेऊन. त्याच्या अंगावर ओंडका चांगला दिसतो म्हणे.

हाताचं म्हणशील तर पहिली दोन बोटं पक्की आहेत, उरलेली दोन अजून रजेवर आहेत. आखूड मानेच्या बेसवर दोन बोटांत बरंच काही होण्यासारखं आहे, असं मला कार्यक्रम बघता बघता वाटलं. म्हणून आज सकाळी तुझ्या वहिनीला म्हणालो की जरा तुझा बेस दे. तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि आधी ग्रीस धुऊन यायला सांगितलं. मी साबणाने हात धुतले, पुसले, दाखवले. मग तिने बेस मांडीवर ठेवू दिला आणि समोर बसून ऐकलं. दोन बोटांनी एक साधी चाल वाजवली, वाईट नव्हती. मला वाटलं, आता कौतुक होईल.

मधल्या स्वराला घाई झाली, म्हणाली. पुन्हा.

पुन्हा वाजवली. आता बरी आहे म्हणाली, आणि बेस परत मागून घेतला, तिची सरावाची वेळ झाली होती. तेव्हा बंड्या, माझ्यासाठी एक आखूड मानेचा बेस बघ. बदल्यात द्यायला ड्रिल मशीन माझ्याकडे आहे.

मायेत उणं पडू देऊ नये, आणि शोधाला उशीर लावू नये.

तुझा, सध्या शिकवणीला बसलेला,
दादा