तुझ्या घावाची जागा

आई, काल मी पोहे कांडले. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआत, तुझ्या नातवाच्या डायनिंग टेबलावर. भात नव्हता, उखळ नव्हतं, हातात खलबत्त्यातला बत्ता आणि समोर लॅपटॉप. आणि आपण जिंकलो. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा धीर तुला कधीच नव्हता.

गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य होतं तेव्हाचं सगळं मला अजून लख्ख दिसतं. त्यांच्याशी लढणारी पोरं घरामागच्या डोंगरावर काजूंच्या झाडीत लपलेली असायची. परकर-पोलक्यातली मी नदीपलीकडून टोपलीत कोंड्याखाली काडतुसं घेऊन यायचे आणि काजूच्या बुंध्याशी ठेवून मागे न बघता परत फिरायचे. आम्ही त्यांची तोंडं बघायची नाहीत आणि त्यांनी आमची, असा नियमच होता. पकडलं गेलं तर सांगायला काही नको. आणि खरी पहारेकरी होतीस तू. मागच्या दारी आपण दोघी समोरासमोर उभ्या राहून कांडायचो. एक घाव माझा, एक तुझा, अशी सरळ लय चालली की डोंगरावर कळायचं, वाट मोकळी आहे, उतरा आणि भाकऱ्या घेऊन जा. शिपाई आले की लय मोडायची. माझे दोन, मग तुझा एक, म्हणजे वर सगळ्यांनी दबून बसायचं.

तो शिपाई आठवतो? आपल्या पायरीवर येऊन बसला, बंदूक मांडीवर आडवी ठेवली आणि उखळातले गरम पोहे मूठभर मागून घेतले. तू हसून दिलेस. वर गूळही दिलास! आणि त्याच्या नाकासमोर मुसळ उचलून लय मोडलीस. तू घाम पुसायला थांबलीस म्हणून मी घाबरून तुझाही घाव मारला, तर त्याच्यादेखत माझ्यावर खेकसलीस, "माझ्यात हात घालू नको. तुझं तू बघ, माझी जागा मोकळी ठेव." शिपायाला वाटलं, मायलेकींचं नेहमीचं भांडण चाललंय. हसत निघून गेला. त्या दिवशी डोंगरावरचा एकही पोरगा त्यांच्या हाती लागला नाही.

मी स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनसाठी अर्ज केला तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, तुला इथे काय कमी आहे?" कमी काही नाही. त्याचं घर ऊबदार आहे, सून लाखात एक आहे. पण मागच्या खेपेला गोव्यात गेले तेव्हा कचेरीतला एक कारकून मला म्हणाला होता, "बाई, पोहे कांडणं म्हणजे लढाई नव्हे." आई, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हाच ठरवलं, हे त्यांच्याच तोंडून वदवून घेतल्याशिवाय मी मरायची नाही. पैसे मिळोत न मिळोत.

काल तिकडे सकाळ होती आणि इथे दिवेलागण. बाहेर वाऱ्याने खिडक्या खडखडत होत्या. पडद्यावर कचेरीतल्या मॅडम होत्या, आणि दुसऱ्या चौकटीत डोंगरावरच्या त्या पोरांच्या तुकडीतला एकटा उरलेला माणूस. नव्वदी ओलांडलेला, डोळ्यांनी अधू, शेजारी त्याची सून बसलेली. त्याने ओळख पटवली तरच माझा अर्ज पुढे जाणार होता. मॅडमनी त्याला विचारलं, "आजोबा, या तुमच्याबरोबर होत्या?" त्याने मान हलवली. "नाय. ह्येंका मी कदी बघूक नाय."

खरंच होतं त्याचं. बघितलं असतं तर आपलं काम चुकलं असतं. मॅडम हळहळल्या, कागद आवरायला लागल्या. मुलगा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आई, राहू दे आता." राहू दे कसं? मी नातीला म्हटलं, "तो बत्ता आण." ती धावत जाऊन घेऊन आली. मॅडमना म्हटलं, "बाई, जरा गप्प बसा," आणि टेबलावर सुरू केलं. माझे दोन. मग तुझी जागा. माझे दोन. तुझी जागा.

म्हातारा आधी नुसता ऐकत होता. मग त्याची मूठ एकदम मिटली आणि मान खाली गेली. "बिडी इझवा रे," तो पुटपुटला. सून म्हणाली, "बाबांनी बिडी सोडून कित्येक वर्षं झाली हो." मी थांबले नाही. आणि मग, आई, तुझ्या जागेवर आवाज आला. तो बोटांच्या पेरांनी टेबल वाजवत होता. माझे दोन, त्याचा एक. व्हिडिओवर आवाज जरा मागून येतो, पण तुझा घावही थोडा मागूनच यायचा. मला रडू फुटलं आणि हसूही. बत्ता थांबल्यावर त्याने विचारलं, "दोघी होत्यो. दुसरी खंय आसा?"

"आई होती माझी," मी म्हटलं. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, "आजी, दोघींची नावं सांगा. दोन्ही लिहिते." मी आधी तुझं सांगितलं. पूर्ण, माहेरच्या नावासकट. मॅडम लिहीत होत्या आणि मोठ्याने म्हणत होत्या, "काम, तुकडीसाठी पहारा." पहारा, आई! पोहे नव्हेत.

मुलगा उठून आत गेला तो तोंड धुऊनच आला. नातीला मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्रजीच. ती म्हणाली, "आजी, यू वर अ सोल्जर?" मी म्हटलं, "मी साधी शिपाई. कॅप्टन माझी आई." "स्वीट अ‍ॅज," ती म्हणाली, म्हणजे इकडच्या पोरांच्या भाषेत एकदम झकास, आणि तिने मला कडक सॅल्यूट ठोकला.

आज सकाळपासून तिने बत्ता सोडलेला नाही. तिला दोन्ही घाव शिकायचे आहेत. माझे शिकवले. मग ती म्हणाली, "नाऊ हर्स," आणि मी बत्ता हातात धरून तशीच बसले. हे तुला पाठवायला पत्ता नाही, म्हणून इथेच कबूल करते: तुझा घाव मला येत नाही. तो कुठे पडायचा तेवढंच मला माहीत आहे, आणि ती जागा मी अजून मोकळी ठेवते.