आतली कडी

प्रिय छोट्या,

तिशी उलटलेल्या माणसाला अजून छोट्या म्हणते म्हणून हसशील. हसलास तर बरंच. मी ठीक आहे. दुकानातलं शिवणकाम संपलं की हल्ली थेट तालमीला जाते. पुन्हा नाटकात काम करतेय. लढाईसाठी पळवून नेलेल्या मुलांचं नाटक आहे. तुला आधी कळवलं नाही, कसं कळवायचं तेच सुचेना.

मुलांची कामं जवळच्या शाळेतली पोरं करतात. लाकडी बंदूक हातात आली की त्यांना आधी हसू फुटतं. एक तर तिच्या टोकानं पाठ खाजवतो. दिग्दर्शक कपाळाला हात लावतात. मग पोरं ओळीनं उभी राहतात, आणि त्यांच्या काटकुळ्या माना बघूनही मला काही होत नाही. तुम्ही रडत नाही हे फार छान, असं दिग्दर्शक म्हणाले. मी मान हलवली.

मी त्यात आई आहे. शेवटच्या प्रवेशात माझा मुलगा परत येतो, दाराबाहेरून हाका मारतो, आणि मी आतली कडी काढत नाही. लेखकाला आपलं काही ठाऊक नाही, मी विचारून घेतलं. तो म्हणाला, त्या वर्षांत कितीतरी घरांनी हेच केलं. परत आलेल्या पोरामागे अंधारात कोण उभं असेल, याचा भरवसा नव्हता.

तू त्या लोकांकडून परत आलास त्या रात्री दाराबाहेरून हाका मारत होतास, तेव्हा आईनं माझ्या तोंडावर हात दाबून धरला होता. उजाडल्यावर दार उघडलं, तर तू नव्हतास. त्यावर आपण कुणीच कधी बोललो नाही. आवाज त्याचा वाटला नाही, एवढंच आई एकदा म्हणाली होती. तू मला फोन करतोस, ती कशी आहे विचारतोस, पण तिला फोन देऊ नको म्हणतोस. शेजारी बसलेली असूनही ती मागत नाही.

पहिल्या प्रयोगाला मी तिला नेणारच नव्हते. ती शेजारणीबरोबर परस्पर आली. दिव्यांमुळे मला दिसली नाही. शेवटच्या प्रवेशात पोरानं हाक मारली. मी ठरल्याप्रमाणे कडीवर हात ठेवून उभी राहिले. त्यानं दुसरी हाक मारली, आणि प्रेक्षकांतून आईचा आवाज आला. मोठा नव्हता, स्वयंपाकघरातून काही सांगावं तसा.

"उघड गं. आपलाच आहे तो."

मी वळून पाहिलं नाही. कडी काढली. पोरगा गांगरला, कारण आत यायचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी मीच दंडाला धरून त्याला आत घेतलं. पडदा पडला.

घरी आम्ही जेवलो. भांडी घासता घासता ती पाठमोरीच म्हणाली, "मी ओळखला होता आवाज. फुटला होता, तरी ओळखला होता." असं काही कानावर पडलं तर मी कोसळेन, असं मला इतकी वर्षं वाटायचं. मी ताट पुसत राहिले. पुसून झालं, फळीवर ठेवलं.

हे लिहितेय, कारण आई तुझ्याकडे यायला निघालीय. गुरुवारी दुपारी पोचेल. फोनवर सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि ते तिला सांगणं मला जमलं नसतं. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाली. दार वाजवणार नाही, हाकही मारणार नाही म्हणते. बाहेर पायरीवर बसेन, तो कामावरून आला की बघेल. आत घे असं मी म्हणत नाही. ते तुझं तू बघ. फक्त, खाली बसली की हल्ली तिला एकटीला उठता येत नाही. तेवढं तुला माहीत असावं.

तुझीच,
ताई