खरवडीचा पाऊस

चिखली, गुरुवार

प्रिय अनुपमा,

हे पत्र आयशा स्वतः तुझ्या हातात देईल. तुझ्या लग्नाचा व्हिडिओ तिनंच काढला, त्यामुळे चेहरा ओळखीचा आहे. मी फोन केले होते, प्रत्येक वेळी तुझ्या आईनं उचलला. शेवटी काकू म्हणाल्या, "आता काई नवीन नको काढू माय. रविवारी उंद्रीले जाऊन राह्यलो आमी. पोरगी संजीवनीचे पाय धरते, चारचौघांत 'माह्यामुळं झालं' म्हनते, मंग ते लोक तिले घरात घेतात." अनुपमा काय म्हणते, असं विचारलं, तर म्हणाल्या, "तिनं हो म्हनलं." ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, जमलं नाही. म्हणून लिहिते आहे. मला पत्रं लिहायची सवय नाही. जे घडलं ते क्रमानं लिहीन.

तुझी तारीख जूनच्या शेवटी, त्यामुळे पाऊस येणार हे धरूनच मी तयारी केली होती. कॅमेऱ्यांना कव्हरं, लेन्सच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पारदर्शक छत्र्या, कारण रंगीत छत्रीखाली नवरीच्या चेहऱ्यावर छत्रीचाच रंग उतरतो. शालूचा काठ भिजला तर घासू नको, टिपून घे, हेही मी तुला बजावलं होतं. तू फोनवर हसून म्हणाली होतीस, "अवं, तू माह्या लग्नाले येऊन राह्यली का धरण मोजाले?" पॉलिटेक्निकच्या होस्टेलवरही तू मला अशीच चिडवायचीस. पण इलेक्ट्रिकलच्या प्रॅक्टिकलला माझ्या जोडीला तूच असायचीस. अर्थिंग कशासाठी करतात हे सरांच्या शिकवण्यातून मला कळलं नव्हतं, ते तू मेसच्या ताटावर चमचा ठेवून समजावलंस. हे मी मुद्दाम लिहिते आहे. वीज काय करते आणि काय करत नाही हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे.

तुम्ही सगळे आदल्या दिवशीच तुझ्या सासरी, उंद्रीत उतरला होतात, हळदही तिथंच झाली. आभाळ भरून आलं होतं. तुझ्या सासऱ्यांची बहीण, आत्याबाई, तुझ्या गालाला हळद लावता लावता म्हणाल्या, "काऊन वं सूनबाई, लहानपनी पातेल्याची खरवड खाल्ली काय? पाय, कसं आभाळ आलं!" खरवड खाणाऱ्या पोरीच्या लग्नात पाऊस पडतो, हे आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेलं. तू थेट आयशाच्या कॅमेऱ्यात पाहून म्हणालीस, "खाल्ली ना! मायचा मार खाऊन खाल्ली. बासुंदीची तं पातेल्यात डोकं घालून खाल्ली." सगळा मांडव हसला. सगळ्यांत मोठ्यानं हसले तुझे जेठ, हरिओमचे मोठे भाऊ गोपालदादा. "घ्या मंग! आता पंगतीत पत्रावळीसंगं छत्री वाढा!" ते म्हणाले होते. तुझ्या जाऊबाईंनी, संजीवनीताईंनी, नवऱ्याच्या पाठीत लटकी चापट मारली, तो फोटो माझ्याकडे आहे. तो सुंदर आहे.

त्याच दुपारी उत्तमरावांनी, तुझ्या सासऱ्यांनी, मांडव हलवायला लावला होता. अंगणाची घराकडची बाजू सखल, तिथं पाणी साचलं असतं, म्हणून सगळा सांगाडा रस्त्याकडच्या उंच बाजूला नेला. पाण्याचा विचार त्यांनी बरोबर केला होता. पण त्या बाजूनं विजेची मोठी लाइन जाते. मांडवाचं छत आणि तार यांच्यात फार काही उरलं नव्हतं, ते नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. मी त्यांना म्हटलं, मांडव थोडा मागे घ्या, नाहीतर उद्यापुरती लाइन बंद करून घ्या. ते म्हणाले, "पोरी, तू फोटो काढाले आली न? तार काय आज आली तिथं? आमची जिंदगी गेली तिच्याखाली." बाजूची माणसं हसली. मी आणखी बोलणार होते. तू मेंदीचे हात वर धरून ओट्यावर उभी होतीस, आणि तू मान हलवून मला थांबवलंस. पहिल्याच दिवशी सासऱ्यांशी वाद नको, एवढंच तुझ्या चेहऱ्यावर होतं.

लग्न लागलं तेव्हा पाऊस नव्हता. अक्षता कोरड्या पडल्या. पहिली पंगत बसली आणि तो कोसळला. ताडपत्रीला पोट आलं की खालून बांबू लावून पाणी बाजूला लोटायचं, हे प्रत्येक मांडवात चालतं. मांडववाल्याची माणसं तेच करत होती, पण बांबू सगळे स्वयंपाकाच्या टोकाला होते, आणि रस्त्याकडच्या बाजूला बायकांच्या ताटांवर धार लागली. गोपालदादा धावले. त्यांच्या हातात लोखंडी पाइप आला. पोटाला नेम धरून त्यांनी तो वर ढकलला, पण दोन ताडपत्र्यांच्या मधल्या फटीतून तो सरळ बाहेर, तारेपर्यंत गेला. पुढचं तू पाहिलं आहेस, मी लिहीत नाही.

दहावं व्हायच्या आत आत्याबाईंनी आयशाकडून हळदीची क्लिप मागून घेतली. आम्हाला वाटलं, गोपालदादांचं हसू पाहायचं असेल. नंतर कळलं, ती गावभर फिरली, आणि फिरली ती तुझ्या वाक्यापर्यंतच कापलेली. "तिनं सोताच्या तोंडानं कबूल केलं बाप्पा," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होत्या. दादांचं हसणं त्यात नाहीच. मग बैठक बसली, तुला माहेरी मोताळ्याला पाठवलं, आणि आता ही पाय धरण्याची अट. गमतीत बोललेलं एक वाक्य साक्ष म्हणून वापरतात, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. तुझ्या लग्नाच्याच दिवशी दुसरबीडला माझ्या ओळखीच्या फोटोग्राफरनं एक लग्न काढलं. तिथंही असाच पाऊस झाला. नवरदेव चिखलात घसरून पडला आणि अजून सगळे त्यावर हसतात. त्या नवरीनं काय खाल्लं होतं, हे कुणी विचारलं नाही.

पण तू खरवडीमुळे हो म्हणाली असशील, असं मला वाटत नाही. तू तितकी भोळी नाहीस. मला वाटतं, तू हो म्हणालीस ती मला थांबवलंस म्हणून. तू रोज ती मान हलवणं आठवत असशील. यावर मी विचार केला आहे, आणि तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तू मला थांबवलंस तेव्हा खांब रोवून झाले होते. मी आणखी चार वाक्यं बोलले असते, उत्तमरावांनी आणखी एकदा हसवलं असतं, आणि मांडव तिथंच राहिला असता. त्या घरात तुझा अजून गृहप्रवेशही झाला नव्हता. तुझ्या शब्दावर तिथं एक खुर्चीसुद्धा हलली नसती.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. मंगळवारी हरिओम स्टुडिओत आला होता. पाऊस आला तेव्हा तो तुझ्याशेजारून उठून स्टेजवरून खाली गेला, आणि जोडीचा फोटो अर्धा राहिला म्हणून मी लेन्स त्याच्या मागे फिरवली होती, बोट दाबलेलंच होतं. त्या सलग फोटोंमध्ये तो मुंडावळ्या बांधलेला, दोन्ही हातांनी पाइप उचलून भावाच्या हातात देताना दिसतो. ते फोटो मी काढले हे त्याला त्या दिवसापासून माहीत होतं. तो रडला. "मीच म्हनलं दादाले, बांबू कायले शोधतं, हा घे," असं त्यानं स्वतः सांगितलं. बापाला कळलं तर बाप जगणार नाही, म्हणून ते फोटो पुसून टाक, म्हणाला. मी विचारलं, आणि अनुपमा? त्यावर तो म्हणाला, "तिनं एकदा पाय धरले की मिटते. बाईमानसाचं लोक इसरतात." पाइप दिला हा त्याचा गुन्हा आहे असं मी मानत नाही. घाईत कुणीही दिला असता. पण हे माहीत असून तो तुला रविवारी तिथं उभी करणार आहे. काल संजीवनीताईंचा फोन आला होता. दादांचे त्या दिवशीचे सगळे फोटो त्यांना हवे आहेत, अगदी शेवटचाही. "एकही मागं ठेवू नको," त्या म्हणाल्या. मी एकही मागं ठेवणार नाही, शनिवारी स्वतः नेऊन देणार आहे. ज्यांच्या पायांवर तुला डोकं ठेवायला लावणार आहेत, त्यांना रविवारी सगळं माहीत असेल, आणि ते तुला त्यांच्याआधी माहीत असावं, म्हणून हे पत्र. जायचं की नाही, काय बोलायचं, ते तू ठरव. हरिओमला हे दाखवलंस तरी चालेल. त्याला मी कसलाही शब्द दिलेला नाही.

तुझीच,
डिंपल