घर मला, हवा पोपीला

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५. अथेन्स, कुकाकी.

या वहीची क्षमा मागते. एकोणीस मार्चनंतर हिच्यात मी एक ओळही लिहिलेली नाही. परवा, मंगळवारी, माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. "शंभरातले सत्त्याण्णव जण चालत घरी जातात," असे डॉक्टर म्हणाले. उरलेल्या तिघांनी कागद करून ठेवलेला बरा, म्हणून वहीची पुढची पाने त्यासाठी घेते. नोटरीबाईंच्या म्हणण्याप्रमाणे सगळा मजकूर स्वतःच्या हातचा, वर तारीख आणि खाली सही असली की पुरते. साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात.

मी, एवान्थिया मावरीकू, वडिलांचे नाव थानासिस, वय अठ्ठेचाळीस, अविवाहित, शिकवणीवर्गात प्राचीन ग्रीक शिकवणारी, राहणार याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी हात धरून हे लिहवून घेत नाही, आणि यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. मन ठिकाणावर आहे की नाही, याची हमी देता येत नाही.

कलम १. अंत्यविधी. मला आईच्या शेजारी पुरावे. चाळिसाव्या दिवशी वाटायचे उकडलेले गहू औषधाच्या दुकानातल्या दिओनिसिया वलासी यांनी करावेत, माझ्या बहिणीने नव्हे. बहीण म्हणजे कालिओपी, आमची पोपी, माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. ती त्या गव्हांवर पिठीसाखरेची नक्षी काढील, फोटो घेईल, आणि उरलेले दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या न्याहारीला ठेवील. माझ्या मरणाची एक वाटीही पाहुण्यांपुढे जाता कामा नये.

कलम २. स्थावर. तिसऱ्या मजल्यावरील चार खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. चतुःसीमा: पूर्वेस रस्ता आणि समोरच्या बाईंच्या कपड्यांच्या दोऱ्या, पश्चिमेस जिना आणि लिफ्ट, उत्तरेस व दक्षिणेस शेजारच्या इमारतींच्या भिंती, खाली पोपी, वर पोपी.

हे असे कसे झाले, ते वारसाला माहीत असावे. या जागी आजोबांचे बैठे घर होते. बाबांनी ते बिल्डरला दिले आणि इथल्या रीतीप्रमाणे पैशांऐवजी नव्या इमारतीतला एक मजला घेतला. शिवाय गच्चीवर पुढेमागे बांधकाम करण्याचा हक्कही राखून ठेवला. त्या हक्काला आम्ही सगळे नुसती 'हवा' म्हणतो. "माझ्याकडे एक घर आहे आणि वर थोडी हवा आहे," असे बाबा कॉफी पिताना अभिमानाने सांगत. २०११ साली ते खंगत चालले, तेव्हा आम्हा दोघींना नोटरीकडे घेऊन गेले. म्हणाले, "एवा मोठी. तिनं आधी निवडायचं."

त्या वर्षी देशाची तिजोरी रिकामी होती, चौकातली निम्मी दुकाने बंद होती आणि अख्ख्या शहरात कोणी विटेवर वीट ठेवत नव्हते. आमची गच्ची तर गळत होती. मी क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "घर मला. हवा पोपीला." आणि हसले. नोटरीचा कारकूनही हसला.

पोपी हसली नाही. "कपड्यांच्या दोऱ्या तशाच राहू देऊ ना, एवा?" एवढेच तिने विचारले.

"राहू दे की," मी उदारपणे म्हटले, जणू मीच तिला काही देत होते.

पुढचे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तिचा नवरा लेफ्तेरिस याने बोटीवर नोकरी करून साठवलेल्या पुंजीतून तिने गच्चीवर दोन खोल्या बांधल्या. लोक घरे मिळेल त्या किमतीला विकून जर्मनीला चालले होते. तिने आधी दुसरा मजला घेतला, मग पहिला. आज पर्यटकांना भाड्याने द्यायच्या अकरा खोल्या आहेत. गच्चीवर पाहुणे न्याहारी करतात आणि अंड्याचा घास तोंडात घालताना त्यांना समोर टेकडीवरचे प्राचीन देऊळ दिसते. मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या बाईंचे मोजे दिसतात.

लहानपणी उन्हाळ्यात आम्ही दोघी गच्चीवर गाद्या टाकून झोपायचो. देऊळ तेव्हाही तिथेच होते. त्याच्या दिव्यांनी झोप येत नसे, म्हणून आम्ही त्याच्याकडे पाठ करून झोपायचो.

एकोणीस मार्चला पोपी तिळाची कडी, म्हणजे तीळ लावलेले गोल पाव, घेऊन आली. काहीतरी मागायचे असले की ती तिळाची कडी आणते.

"एवा, तिसरा मजला विक ना मला. भाव तू सांग. पहिल्या मजल्यावरून वर नेईपर्यंत अंडी गार होतात गं."

"तुझी अंडी गरम राहावीत म्हणून मी घर सोडू?"

"समुद्राकाठी घे एखादं. दिवसभर पाहुण्यांच्या बॅगांच्या चाकांना शिव्या देत बसतेस, त्यापेक्षा बरं."

"मी मेल्यावर घे."

"तू कसली मरतेस! मला टोचायला तरी शंभर वर्षं जगशील."

मे महिन्यात झडपेचे कळले. पोपी त्याच संध्याकाळी खाली आली, रडली, आणि म्हणाली की इस्पितळात स्वतंत्र खोली घेऊ, खर्च ती करील. इस्पितळातली खोलीसुद्धा पोपीचीच! मी नको म्हटले.

तर हे घर मी पोपीची मुलगी फोतिनी हिला देते. आईच्या मालकीच्या अकरा खोल्या असून ही मुलगी बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहते, कारण इथली प्रत्येक खाट हंगामभर आधीच घेतलेली असते. ईस्टरला मला म्हणाली होती, "मावशी, मला माझ्याच गल्लीत राहायचं तर पासपोर्ट दाखवून राहावं लागेल." पोपीला जे देता आले नाही ते मी देत आहे, हे लिहिताना झालेला आनंद स्वच्छ नाही. तरी देते.

~~अट अशी की चाकांची बॅग घेऊन आलेल्या कोणाही माणसाने या घरात एक रात्रही काढता कामा नये.~~

वरची अट मी लिहिली, दोनदा वाचली आणि स्वतःच्या हाताने खोडली. मुलगी वीस वर्षांची आहे. माझा राग तिने आणखी पन्नास वर्षे का सांभाळावा?

कलम ३. बँकेतील ठेव. २०१३ साली दुसरा मजला घेण्याआधी पोपी प्रथम माझ्याकडे आली होती. "अर्धं तू घाल, अर्धं मी. पाटीवर दोघींची नावं," ती म्हणाली.

मी म्हणाले, "ज्या शहरात लोक कचऱ्याच्या डब्यात जेवण शोधतायत, तिथं सुट्टीला कोण येणार?"

"येतील. देऊळ कुठं पळून गेलंय का?"

"तुला चादरी बदलायची हौस आहे, तू बदल."

"बदलीन. तू पुस्तकाची पानं उलट."

मी पैसे मुदत ठेवीत ठेवले. दोन वर्षांनी बँकांची दारे बंद झाली आणि दिवसाला साठ युरोंसाठी मी यंत्रापुढच्या रांगेत उभी राहू लागले. माझ्यापुढे पोपीचे दोन डच पाहुणे होते. परदेशी कार्डाला मर्यादा नव्हती. त्यांनी हवे तेवढे काढले आणि मला नम्रपणे विचारले, समुद्राकडे ट्राम कुठून जाते? मी त्यांना उलट्या दिशेला पाठवले. याबद्दल त्या दोघांची माफी मागते. दुसऱ्या एका गोष्टीपुढे ही काहीच नाही, ती पुढे येईल.

ठेवीत जे असेल ते सर्व तळमजल्यावरचे शिंपी स्तामातिस कुरूनिस यांना द्यावे. कारण सहाव्या कलमात.

कलम ४. तांब्याचे पातेले आणि आईच्या हातच्या कडू संत्र्यांच्या मुरंब्याची कृती. आई शेवटची चार वर्षे माझ्याकडे होती. तिला उचलणे, धुणे, भरवणे मी केले. पोपी रोज यायची, वीस मिनिटे बसायची, आणि आई दिवसभर तिच्या वाटेकडे डोळे लावून असायची. आई गेली, आणि पुढच्याच वसंतात गच्चीच्या दारावर पाटी लागली: 'असिमिनाची गच्ची'. असिमिना म्हणजे आमची आई. मी भर जिन्यात ओरडले की आईला उचलायची वेळ होती तेव्हा कुठे होतीस, आणि आता तिला पाटीवर टांगतेस?

पोपी खालच्या पायरीवर उभी होती. म्हणाली, "पहिल्या मुलीला रीतीनं सासूचं नाव द्यावं लागलं. दुसरी मुलगी झाली नाही मला. तुला तर मूलच नाही. आईचं नाव कुठं ठेवायचं होतं मी, एवा?"

त्यानंतर तिने तीनदा मुरंब्याची कृती मागितली आणि तिन्ही वेळा मी सांगितले की ती हरवली. ती हरवलेली नाही. मोठ्या शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात आहे. पोपी साली एकच दिवस भिजवते, म्हणून तिचा मुरंबा कडू होतो आणि तो कडवटपणा झाकायला ती व्हॅनिला घालते. परदेशी लोक तोच खाऊन लिहितात, 'आजीच्या हातचा'. कोणाच्या आजीच्या? साली तीन दिवस भिजवायच्या, पाणी रोज बदलायचे. पातेले आणि कृती दोन्ही पोपीला.

कलम ५. पुस्तके शिकवणीवर्गाला. शब्दकोशातला कागद आधी काढून घ्यावा.

कलम ६. २०१९ च्या एप्रिलमध्ये बांधकाम खात्याकडे एक निनावी अर्ज गेला की आमच्या गच्चीवरचा लाकडी मांडव विनापरवाना आहे. अर्जातला शब्द न् शब्द खरा होता. अधिकारी आले आणि मांडव काढायला लावून गेले. तो अख्खा उन्हाळा 'असिमिनाची गच्ची' बंद होती. एकावर एक रचलेल्या खुर्च्यांना साखळी घातलेली होती. पोपीने ती गच्ची दाखवून खोल्यांची आरक्षणे घेतली होती, ती एकेक करून रद्द झाली. तिने दोन मुलींना कामावरून कमी केले.

तो अर्ज मी केला होता.

मी स्वतःला सांगितले की कायदा तो कायदा. पण समोरच्या इमारतीवर तीन विनापरवाना खोल्या मी वीस वर्षे पाहते आहे. त्यांच्याविरुद्ध मी कधी चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. त्या गच्चीवर माझी बहीण नव्हती.

संशय कीर स्तामातिस (कीर म्हणजे आमच्याकडचे 'श्रीयुत') यांच्यावर गेला. त्यांच्या दुकानाच्या दारात बॅगा ठेवण्यावरून त्याच आठवड्यात त्यांचे आणि पोपीचे भांडण झाले होते. अकरा खोल्यांचे पडदे आणि पलंगपोस त्यांनीच शिवले होते. त्यानंतर पोपीने त्यांना टाचायला एक रुमालही दिला नाही. ईस्टरची लाल अंडी सगळ्या इमारतीत फिरतात, त्यांच्या दारावरून पुढे जातात. सहा वर्षे ती त्यांना 'सुप्रभात' म्हणत नाही. ते मला एकदा म्हणाले, "तुझी बहीण माझ्याकडे बघून असं तोंड फिरवते, जसा काही मी तिच्या लग्नाचा झगा उलटा शिवला होता." मी हसले. मी तेव्हा खरेच हसले.

हे मी आजवर या वहीतही लिहिले नव्हते. ~~मी मेल्यावर हे कलम दोघांनाही वाचून दाखवावे.~~

येथवर लिहून दुपारी सहीसाठी खाली गेले. दिओनिसियाबाई दुकान बंद असूनही आल्या. कीर स्तामातिस रविवारीही त्यांच्या टेबलापाशी असतात. त्यांनी खडू बाजूला सारला आणि चष्मा शोधू लागले.

"वाचायचं आहे का?" मी विचारले.

"नको. मी मापं घेतो, लोकांची पत्रं वाचत नाही. माझ्याबद्दल काही चांगलं लिहिलंयस का?"

"लिहिलंय."

"मग लवकर मरू नकोस. मला ऐंशी लागलंय, मी आधी गेलो तर ते चांगलं कोण वाचणार?"

दिओनिसियाबाई म्हणाल्या, "गप्प बसा हो, परवा ऑपरेशन आहे तिचं."

"म्हणूनच सांगतोय. मला रात्री झोपताना एकच गोष्ट छळते. त्या पोपीला कुणीतरी सांगायला हवं की मी नव्हतो. मी सांगून थकलो." त्यांनी सही केली, अगदी सावकाश, टाका घालावा तशी.

पुन्हा वर आले. गच्चीवर कपबशा वाजत होत्या, कोणीतरी परक्या भाषेत खळाळून हसत होते, आणि मला आजही तो आवाज सहन झाला नाही. झडप बदलून हे बदलेल असे वाटत नाही. म्हणून सहाव्या कलमातले 'मी मेल्यावर' असे सुरू होणारे शेवटचे वाक्य स्वतःच्या हाताने खोडते. तेवढेच. बाकीचे कलम कायम. साक्षीदारांच्या सह्यांनंतर केलेला हा बदल माझाच आहे, याची नोंद घ्यावी.

एकूण सहा कलमे, दोन ठिकाणी खाडाखोड, सगळी माझ्या हातची. शाई एकच.

सही: एवान्थिया मावरीकू

साक्षीदार:
१. दिओनिसिया वलासी, औषधविक्रेती
२. स्तामातिस कुरूनिस, शिंपी

स्थळ: कुकाकी, अथेन्स
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५

उद्या: सकाळी न्याहारीच्या वेळी कीर स्तामातिस यांना लिफ्टने गच्चीवर नेऊन पोपीसमोर सहावे कलम मोठ्याने वाचणे.