कालव्याकाठी मुक्काम पहिला

शनिवार, संध्याकाळ. ओरत्तनाडु गावाजवळ.

गाडीमागे जोडलेल्या आमच्या छोट्या राहत्या ट्रेलरची खिडकी भाताच्या अगदी उंचीला येते. पडल्या पडल्या वाटतं, आपणही शेताबरोबर डुलतो आहोत.

पण दुपारी सगळं फिसकटणारच होतं. नारळीच्या बागेत ट्रेलर मागे घेणं ह्यांना काही जमेना. गाडी उजवीकडे वळवली की तो डावीकडे जायचा. चौथ्या खेपेला हे वैतागले. "घरी जाऊया, इंदू. हे आपल्या वयाचं नव्हे."

घरी? तीस वर्षं दहा माणसांच्या स्वयंपाकात गेली. कुठून धीर आला कोण जाणे, मी म्हटलं, "उतरा तुम्ही. मी बघते."

रोज नातवंडांना शाळेत सोडायला गाडी नेते मी, पण मागे ट्रेलर कधी नव्हता. उलटं वळवत, थांबत थांबत, दोन नारळींमधून नेला एकदाचा. हे चक्क टाळ्या वाजवत होते!

आता खिडकीबाहेरचं हिरवं काळसर होत चाललंय. कालव्याचं पाणी ऐकू येतं. ह्यांनी स्वतः कॉफी करून टंबलर हातात दिला. फार गोड झाली होती, पण मी सगळी प्यायले.

"उद्या कुठं जायचं, तूच सांग," हे म्हणाले.

असं मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. कालव्याचं पाणी वाहत जातं तिकडे पाहिलं. मग म्हटलं, "समुद्राकडे."