पप्पांच्या वहीतला नंबर वन

४ नोव्हेंबर, मंगळवार
चौदाला पॅरिश हॉलमध्ये क्विझ. विषय: १९५५ ते ६० चे रॉक अँड रोल हिट्स. म्हणजे घरचाच पेपर. पप्पांनी वसईला रेडिओला कान लावून दर आठवड्याचे टॉप टेन वहीत उतरवले, ती वही माझ्याकडे आहे. प्रत्येक पानावर दहाव्या गाण्यापुढे चांदणी. खास आवडीचं असणार. यंदा रोशेल माझ्या टीममध्ये. चौदा वर्षांची मुलगी आपणहून बापाशेजारी बसते म्हणाली, मैत्रिणींनाही सांगून आली. ट्रॉफी आणायचीच.

६ नोव्हेंबर
ऑफिसात ब्रेंडनने गोड आवाजात वही बघायला मागितली. तो समोरच्या टीमचा कॅप्टन. चहा पाजला, वही नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
इथे शुक्रवारी सुट्टी, चर्चमध्ये मासनंतर ब्रेंडन माझ्या बायकोशी, लिंडाशी कुजबुजत होता. मी जाताच दोघं गप्प. लिंडा म्हणते, केकचं चाललं होतं. केकचं एवढ्या हळू? वही तांदळाच्या डब्यात हलवली. बायकोलाही सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर
रोशेल म्हणते, इंटरनेटवर नंबर वेगळे आहेत. इंटरनेटवर कोणीही काहीही लिहितं, कदाचित ब्रेंडनच. तिचा फोन शुक्रवारपर्यंत जप्त.

१२ नोव्हेंबर
ब्रेंडन शहराबाहेर थेट अल अमेरातला, आमच्या घरी. म्हणे मी ऑफिसभर सांगतो ते नंबर वन चुकीचे आहेत, हॉलमध्ये फजिती नको म्हणून आलो. माझा कॉन्फिडन्स तोडायला एवढं पेट्रोल जाळलं. दारातच विषय खलास केला. लिंडाने आज भात केला. वही आता बॅगेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार
लिहावंसं वाटत नाही.

काल पहिली तीन उत्तरं चूक. क्विझमास्टर फितूर, हे मी उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हा रोशेल हळूच म्हणाली, "पप्पा, रेडिओवाले टेनपासून वनला येतात ना? ग्रँडपाने ऐकलं तसं लिहिलं. फर्स्ट ऐकलं, त्याला वन."

मी म्हणालो, "गप्प बस. ब्रेंडनने पढवलंय तुला."

माइक चालू होता. हॉलभर ऐकू गेलं. आम्ही शेवटून पहिले.

घरी वही उघडली. चांदणी म्हणजे नंबर वन. पप्पांनी प्रत्येक पानावर सांगून ठेवलं होतं.

सकाळी रोशेलला सॉरी म्हटलं. इट्स ओके म्हणाली. पुढच्या वर्षी ती ब्रेंडन अंकलच्या टीममध्ये आहे.

वही टेबलावर उघडीच पडली आहे. दिवसभरात कोणी हात लावला नाही.