फ्रौकेचा रुसवा

५ नोव्हेंबर १९८४, सोमवार. सकाळी.

मारिट, तारीख आधी सांगून टाकते, कारण तू विसरणार. मागच्या टेपची वही तू बसमध्ये विसरलीस. त्याआधीची टेपच विसरलीस. आणि तुझ्या या आजीचा वाढदिवस, संडासाच्या भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असून विसरलीस. म्हणजे दिवसातून तीनदा तू माझ्या नावासमोर बसतेस आणि तरी विसरतेस. असो. ही रोजनिशी माझी, माझ्यासाठी. मी टेपवर बोलते, तू नुसता हात. लिहायचं, मत द्यायचं नाही.

मला अक्षर येत नाही हे काही लपलेलं नाही. मालबोटीवर जन्मले. माल उतरेपर्यंत तीन दिवस जे गाव, तिथली शाळा तीन दिवस. अठरा गावांत पहिला धडा झाला, दुसरा कुठेच नाही.

आजपासून निश्चय: फ्रौकेचा रुसवा या महिन्यात काढायचा. माझ्यासारखीला आठवडा पुरे. महिना आपला धरून ठेवला.

७ नोव्हेंबर, बुधवार.

रुसव्याचं कारण सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी वाकडा अर्थ लावायला नको.

आमच्या या म्हाताऱ्या बोटवाल्यांच्या घरात दहा वाजता कॉफी. प्रत्येकी एक बिस्किट, मग डबा बंद. टेबलाला आम्ही चौघं. मी, फ्रौके, वुब्बो आणि बहिरा हार्म. गेली नऊ वर्षं रोज पाणचट विनोद. ही सवय कालव्यावरची. वरच्या पातळीवर जायला बोटी कालव्याच्या दोन दारांमध्ये कोंडायचे, आत पाणी चढेपर्यंत त्या एकमेकींना चिकटून खोळंबायच्या, आणि विनोद या बोटीवरून त्या बोटीवर जायचा. जितका पाणचट तितका चांगला. त्यावर हसायचं नाही. हसणं परक्यांसाठी, भिडेखातर. आपल्या माणसाच्या विनोदावर कण्हायचं. डोकं धरून, लांब.

फ्रौकेचं कण्हणं सहाव्या बोटीपर्यंत ऐकू जायचं. एकदा दारावरच्या माणसाला वाटलं कुणाचा हात चेमटला, त्याने पाणी थांबवलं. साठ वर्षं ते कण्हणं माझं आहे. नवऱ्याने इतकी दाद कधी दिली नाही.

तर बारा ऑक्टोबरला फ्रौकेचा वाढदिवस. सगळे गोल करून बसलेलो, मांडीवर केकच्या बश्या. मी म्हटलं, हिचा बेरेंड आयुष्यात दोनदाच बुडाला. एकदा दारू पिऊन कालव्यात, एकदा हिला बघून. पहिल्या वेळी बाहेर काढता आला. सगळे कण्हले. फ्रौके बशीकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, आज कुणाचा वाढदिवस?

तेव्हापासून रुसलीय. एकदाही कण्हली नाही. तिच्या नवऱ्याला, बेरेंडला, जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं, मान्य. पण विनोद चांगला होता. माफी मागण्याचा प्रश्नच येत नाही. त्याहून वाईट विनोद सांगून जिंकायची.

९ नोव्हेंबर, शुक्रवार.

तिनं पहिला वार केला. कॉफीला बसलो तर सरळ माझ्या कपात दोन चमचे मीठ घातलं. डोळ्याला डोळा भिडवून. मग स्वतःच्याही कपात घातलं आणि प्यायली. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. काय तयारी आहे बाईची. मीही सगळा कप प्यायले, हार कशाला मानू.

दुपारी दोनदा उलटी.

वुब्बो म्हणाला, सीना, तो विनोद नव्हता गं. मी म्हटलं, तुझ्या विनोदांबद्दलही लोक हेच म्हणतात.

१४ नोव्हेंबर, बुधवार.

नवा माल हवा. इनेके सिस्टरच्या ऑफिसात रोज पान फाडायचं कॅलेंडर आहे, पानामागे विनोद असतो. मला वाचता येत नाही, म्हणून वुब्बोला कामाला लावलं. त्याची खोड अशी की शेवट यायच्या आधी स्वतःच खुदखुदतो आणि शेवट चष्म्याच्या काचेवर थुंकीबरोबर उडतो. तरी दोन पाठ केले.

पहिला. दोन दोर रस्त्यात भेटले. पुढे काय झालं? गाठ पडली.

दुसरा. सगळ्यात शिस्तीचा प्राणी कोणता? मासा. कारण तो काटेकोर असतो.

दोन्ही इतके पाणचट की सांगताना मलाच लाज वाटली. वुब्बोनं कपाळ टेबलावर आपटलं. हार्म तर मी तोंड उघडायच्या आधीच कण्हला. त्याला ऐकू येत नाही, तो सुटका व्हावी म्हणून कण्हतो. फ्रौके म्हणाली, "मासा आहे का जेवायला?" आणि बिस्किट रुमालात गुंडाळून ब्लाउजमध्ये ठेवलं. चार दिवसांची बिस्किटं तिथेच आहेत, इनेके सांगत होती.

साठवतेय. माझ्या वाढदिवसाला एकदम तोंडावर मारणार. मी ओळखून आहे.

कंबर दुखते. इतकी मेहनत नवीन लग्नातही केली नव्हती.

१५ नोव्हेंबर.

एल्को आला होता, तिचा मुलगा. शाळेत भूगोल शिकवतो, चेहराही नकाशासारखा घडी घातलेला. मला बाजूला घेऊन म्हणाला, सीनामावशी, शहरातल्या डॉक्टरांनी तपासलं. आईला यापुढे इथे ठेवता येणार नाही. आसेनला एक घर आहे, दाराला कुलूप असतं, माणसं हरवत नाहीत. दहा डिसेंबरपासून जागा आहे.

मी म्हटलं, रुसलेल्या बाईला कुलपात ठेवतात होय? ती एकदा कण्हली की तू स्वतः जागा रद्द करशील. तो म्हणाला, मावशी, ती कण्हली तर मी तुला फुलं आणीन. मी हे वचन धरलं. बोललाच आहे तो.

म्हणजे आता वेळ आहे पंचवीस दिवस. भरपूर.

१८ नोव्हेंबर, रविवार.

आजचा बेत उत्तम होता. दोष बेताचा नाही.

मी एल्कोला म्हटलं, गाडी काढ, आम्हाला कालव्यावरच्या जुन्या दाराशी ने. पाण्यापाशी तिचा राग निवळेल. मी तीन पुलांचा विनोद तयार ठेवला होता. तो पंचवीस मिनिटं चालतो, कारण पूर्वी त्या दारात पाणी चढायला पंचवीस मिनिटं लागायची. चाक हाताने फिरवायचे. विनोदाचा शेवट आणि दार एकदम उघडायचं, इतकं बसवलेलं काम होतं ते.

आता बटण आहे. मी दुसऱ्या पुलाशी पोचते तर दार उघडलंसुद्धा, आणि बोट निघून गेली. त्या बोटीवर कुणी विनोद सांगायला नव्हतं. एक कुत्रा होता.

फ्रौके मात्र काठाशी जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले, दोर झेलायला करायचो तसे. अगदी बरोबर, डावा खाली, उजवा वर. दोर कुणी फेकलेला नव्हता. मी एल्कोला कोपराने ढोसलं, बघ, सगळं आठवतंय.

मग ती एल्कोकडे बोट दाखवून मला म्हणाली, "याच्या आईला सांगा, पोरगं काठाच्या फार जवळ उभं राहतं."

या वर्षातला सगळ्यात चांगला विनोद. मी डोकं धरून कण्हले, चांगली लांब. एल्को कण्हला नाही. चष्मा पुसत बसला. मास्तर लोकांना कळतच नाही.

२८ नोव्हेंबर, बुधवार.

दहा दिवस काही बोलले नाही टेपमध्ये, कारण प्रगती चालू आहे आणि प्रगतीत बोलायला वेळ नसतो.

तपशील. सोमवारी फ्रौके कोट उलटा घालून आली. मी कण्हले. मंगळवारी माझ्या खोलीत येऊन माझ्या पलंगावर झोपली, मला म्हणाली दुसरी खोली बघा. मी कण्हले आणि खुर्चीत बसले तीन तास. आज विचारलं, बेरेंड केव्हा येणार. मी कण्हायला तोंड उघडलं, पण आवाज नीट आला नाही. सर्दी झालीय.

वुब्बो म्हणतो, कण्हतेयस तूच एकटी. तिनं कण्हायचं होतं ना? मी म्हटलं, एकीने सुरुवात करावी लागते.

तो बराच वेळ डबा उघडबंद करत बसला. मग म्हणाला, "सीना, ती रुसली असती तर किती बरं झालं असतं."

मी त्याला सांगितलं की उद्यापासून दुसऱ्या टेबलावर बस. संध्याकाळी निरोप पाठवला की बस इथेच.

३ डिसेंबर, सोमवार.

निश्चय बदलला. माफी मागायची. आयुष्यात मी दोन माफ्या मागितल्या, दोन्ही बोट धडकवल्याबद्दल, आणि दोन्ही वेळा चूक समोरच्याची होती.

सकाळीच तिच्या खोलीत गेले. केस विंचरून दिले. म्हटलं, फ्रौके, बेरेंडवर बोलले ते चुकलं. तो दारू पिऊन पडला नव्हता, माझ्या नवऱ्याचा दोर सोडवायला गेला म्हणून पडला. मी विनोदासाठी फिरवलं. तू रागावलीस ते बरोबर आहे.

तिनं माझ्या हातावर थोपटलं. म्हणाली, असू दे, असू दे.

झालं. माफ केलं. रुसवा संपला. एल्कोला फोन लावायला इनेकेला सांगितलं. तिनं लावला नाही, म्हणाली लाइन बिझी आहे. फोनला हातही न लावता तिला कळलं कसं, देव जाणे.

९ डिसेंबर, रविवार.

उद्या सकाळी गाडी. दोन बॅगा भरून दाराशी आहेत. माझं म्हणणं, बॅगा भरल्या म्हणजे जावंच लागतं असं नाही.

शेवटची कॉफी. एल्कोही बसला. मी सगळे नवे विनोद बाजूला ठेवले आणि आमचा सगळ्यात जुना काढला. मी अठराची होते, ती एकोणीसची, पहिल्यांदा बोटी शेजारी लागल्या त्या दिवशी मी तिला तोच सांगितला होता. त्यानंतर साठ वर्षांत हजार वेळा सांगितला असेल. "पुलाखालून जाताना बोटवाला का वाकतो?" एवढं म्हटलं तरी ती कण्हायला लागायची, शेवट ऐकून घेत नसे.

आज तिनं शेवट ऐकून घेतला. मान पुढे काढून, लक्ष देऊन.

मी म्हटलं, "पूल वाकत नाही म्हणून."

ती हसली. तोंडावर हात ठेवून, छान, खांदे हलवत हसली. मग एल्कोला म्हणाली, "या बाई किती मजेशीर आहेत हो. यांना कॉफी दिलीत का?"

मग वुब्बो कण्हला. तिच्यासारखं, लांब, सहाव्या बोटीपर्यंत जाईल असं. चांगल्या मनानं केलं त्यानं. मला ते ऐकवेना, मी उठून खोलीत आले.

टेपवर खरखर येतेय ती मशिनची.

१७ डिसेंबर, सोमवार. दुपारी.

आसेनला जाऊन आले. एल्कोनं नेलं. फुलं आणली होती त्यानं, कशाबद्दल ते विचारलं नाही.

ती रुसलेली नव्हती, मारिट. रुसवा काढता येतो. मी सगळे उपाय तयार ठेवले होते, फक्त रोग दुसरा होता. वुब्बोला माहीत होतं, इनेकेला माहीत होतं, हार्मला तर ऐकू येत नाही, त्यालाही माहीत होतं. मलाही असणार. लिहायचंच असेल तर हे एकदाच लिही.

दुपारभर बसले. पुलाचा विनोद पाच वेळा सांगितला, पाचही वेळा हसली, दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी. सांगणाऱ्याला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळायचं नाही. मी दमून गेले. सहाव्यांदा नुसतं विचारलं आणि उत्तर दिलं नाही. ती वाट बघत राहिली. मग म्हणाली, "सांगा ना. का वाकतो?" सांगितलं.

निघताना म्हणाली, तुम्ही परत या. मी म्हटलं येईन. दर सोमवारी जाणार आहे. हा निश्चय नाही, एल्कोकडे गाडी आहे म्हणून.

तिथे प्रत्येकीच्या उशाशी चॉकलेटचं अक्षर ठेवलं होतं, डिसेंबरात देतात तसं, ज्याच्या त्याच्या नावाचं. तिचं तिला ओळखता येईना. मला विचारलं, माझं कोणतं? आमच्या दोघींत वाचणारी तीच होती. मी शेजारणीचं उचलून दिलं असेल तर ते आम्ही दोघींनी खाऊन टाकलंय, आता भांडण नको.

तेव्हा शनिवारच्या पार्सलमध्ये चॉकलेटची अक्षरं पाठव, दोन. दुधाचं हवं, काळं तिला चाववत नाही. नावाचं शोधत दुकानभर फिरू नकोस. कुठलंही चालेल.